रेल्वेचा हादरा आणि स्तवनाची तबकडी

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडी भागात जमीन क्वचितच पूर्णपणे शांत असते. एका अंगाला जालना रस्त्यावरील मालमोटारींची अखंड ये-जा, दुसऱ्या अंगाला मनमाडहून जालना-परभणीकडे जाणारा लोहमार्ग, आणि थोडे पुढे गेले की चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत व विमानतळ. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हा मार्ग पडला तेव्हा भोवती शेते होती. आज रुळांपासून हाकेच्या अंतरावर वस्ती आहे. तेथे राहणाऱ्यांना गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो, इतका तो अंगवळणी पडतो. कान सवय करून घेतो. रेकॉर्ड प्लेअरची सुई मात्र सवय करून घेत नाही.

या परिसरातील एखाद्या जैन व्यापारी घराचे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. दुकान मोंढ्यात, राहणे मुकुंदवाडीत. आजोबांनी हौसेने जमवलेल्या स्तवनांच्या व भजनांच्या रेकॉर्ड्स कपाटात उभ्या लावलेल्या. सकाळची सामायिक आटोपली की दादीसा नातवाला हाक मारतात, “अरे, ती रेकॉर्ड लाव रे.” नातू सुई अलगद टेकवतो, स्वर घरभर पसरतात, आणि नेमकी त्याच वेळी गाडी जाते. सुई थरथरते, स्वर घोगरा होतो, कधी एक ओळ गाळून ती पुढच्याच ओळीवर जाऊन पडते. नातवाला मोबाइलवर एका विदेशी बनावटीच्या ‘कंपनरोधक आधारां’ची जाहिरात दिसते; किंमत पाहून वडील म्हणतात, “चार पायांना एवढे पैसे? तेवढ्यात नवे यंत्र येईल!” दादीसांचे म्हणणे एवढेच, की यंत्र नवे येईल, पण ही रेकॉर्ड पुन्हा कोठे मिळणार?

या तिघांच्या बोलण्यात तथ्य आहे. कोणाचे किती, हे ठरवण्यासाठी आधी सुईचे काम समजून घ्यावे लागते.

केसाहून बारीक चर

एलपी रेकॉर्डवरील चर सुमारे ५० मायक्रॉन रुंदीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर हा चर केसाहूनही अरुंद. त्याच्या भिंतींना दिलेली नागमोड हाच स्वर. मध्यम सप्तकातील बऱ्यापैकी मोठ्या स्वराला सुई मध्यापासून आठेक मायक्रॉन इकडेतिकडे सरकते. त्याच स्वराहून साठ डेसिबलने मंद असलेला स्वर, म्हणजे एखाद्या आलापीचा विरत जाणारा शेवट, सुईला त्याच्या हजाराव्या भागाइतकाच हलवतो.

सुईला दुसरी एक मर्यादा आहे. ती ज्या कार्ट्रिजमध्ये बसवलेली असते त्याच्या तुलनेत आपण किती हललो, एवढेच ती सांगते. हालचाल चराने घडवली की टेबलाने, हे तिला कळत नाही. गाडीच्या हादऱ्याने टेबल हलले, टेबलाने यंत्र हलवले, यंत्राने भुजा हलवली, तर तो हादराही ‘स्वर’ म्हणूनच अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो आणि तेथे कित्येक पटींनी मोठा होतो. त्याच टेबलावर स्पीकर ठेवले असतील तर त्यांचा खर्ज पुन्हा टेबलावाटे सुईकडे येतो, सुईकडून पुन्हा स्पीकरकडे जातो. वाढत जाणारा तो घुमारा अनेक घरांत ऐकलेला असतो. दोष मात्र रेकॉर्डला किंवा यंत्राला दिला जातो.

शेजारशेजारच्या दोन चरांमध्ये सुमारे एक दशांश मिलिमीटरचे अंतर असते. मोठ्या धक्क्याने सुई उडते तेव्हा ती ही मधली भिंत खरवडत जाते. एकदा पडलेला हा ओरखडा भरून येत नाही. कंपनांचा प्रश्न केवळ श्रवणसुखाचा नाही तो यामुळे. जी वस्तू पुन्हा तयार होणार नाही, तिच्या झिजेचा हा प्रश्न आहे.

लाखेची तबकडी आणि श्रावकाचार

भारतातील तबकड्यांचा इतिहास १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाला, असे म्हणता येईल. फ्रेड गेसबर्ग या ध्वनिमुद्रकाने त्या वर्षी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. १९०८ पासून कोलकात्यातच तबकड्या तयार होऊ लागल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जड, ठिसूळ तबकड्या लाखेपासून बनत. लाखेत दगडाची बारीक भुकटी व काजळी मिसळत. लाख हा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव आहे. ती खरवडून काढताना आणि वितळवताना असंख्य जीवांचा घात होतो.

जैन श्रावकाचारात या व्यवहाराची दखल फार पूर्वीच घेतलेली आहे. ‘उपासकदशांग’ सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या प्रसंगी जे पंधरा कर्मादान सांगितले आहेत, त्यांत दंतवाणिज्य, रसवाणिज्य, केशवाणिज्य, विषवाणिज्य यांच्याबरोबर लाक्षावाणिज्यही आहे. श्रावकाने जे व्यापार टाळावेत, त्यांत लाखेचा व्यापार मोडतो. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या एलपी रेकॉर्डने लाखेची जागा विनाइल या कृत्रिम द्रव्याला दिली. हा बदल अहिंसेसाठी झाला नव्हता. बारीक चर, कमी खरखर आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गायन हा त्यामागचा हेतू होता. तरीही परिणामी तबकडीचा लाखेशी असलेला संबंध तुटला, हे खरे.

मग घरात असलेल्या जुन्या लाखेच्या तबकड्यांचे काय करावे? त्या जपण्यासाठी नव्याने लाख लागत नाही. फेकून दिल्याने झालेली हिंसा परतही येत नाही. ज्या स्तवनांचे गायक आज हयात नाहीत, त्यांचा स्वर सांभाळणे हेच अशा तबकडीचे उरलेले मोल. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाकडे आणि अभ्यासाकडे लक्ष वेधले, ते याच जाणिवेतून.

आधार निवडतानाही हा विवेक उपयोगी पडतो. टर्नटेबलच्या चकतीवर घालावयाचे गालिचे आणि पायांखालचे पॅड कधी कधी चामड्याचे असतात. त्यांच्या जागी रबर किंवा बुचाच्या लाकडाचे गालिचे तितकेच चांगले काम देतात. वस्तू कशाची आहे, एवढे दुकानदाराला विचारून घ्यावे.

मऊपणाचे गणित

कंपन अडवण्याचा मूळ नियम साधा आहे. जड वस्तू मऊ आधारावर ठेवली की त्या जोडीची स्वतःची एक डोलण्याची गती ठरते. त्या गतीच्या सुमारे १.४ पटीहून जलद कंपने आली तर आधार ती कमी करतो. त्याहून सावकाश कंपने तो तशीच वर जाऊ देतो. आणि कंपनांची गती आधाराच्या स्वतःच्या गतीशी जुळली, तर तो ती चक्क वाढवतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही जसा त्याला उंच नेतो, तसे.

तोच रबर एका अपेक्षेने तारक आणि दुसऱ्या अपेक्षेने मारक ठरतो. स्याद्वादाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे नवल वाटू नये. ‘हा आधार चांगला आहे का?’ या प्रश्नाला ‘कोणत्या वजनाखाली, कोणत्या कंपनासाठी?’ हा उलट प्रश्न विचारल्यावाचून उत्तर नाही.

आधाराची गती घरच्या घरी अजमावता येते. यंत्र ठेवल्यावर आधार किती मिलिमीटर दबला ते पट्टीने मोजावे. त्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याने १६ ला भागावे; येणारा आकडा म्हणजे सेकंदाला साधारण किती डोल. एक मिलिमीटर दबला तर १६, चार मिलिमीटर दबला तर ८, दहा मिलिमीटर दबला तर ५, पंचवीस मिलिमीटर दबला तर जेमतेम ३. पोलादी स्प्रिंगला हा हिशेब चांगला लागू पडतो; रबर कंप पावताना थोडा अधिक ताठ वागतो, म्हणून त्याचा खरा आकडा याहून काहीसा वरचा धरावा.

आता टर्नटेबलच्या भुजेकडे पाहावे. भुजा आणि कार्ट्रिज यांची मिळून स्वतःची गती असते व ती सेकंदाला ८ ते १२ च्या दरम्यान असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. तीन-चार मिलिमीटर दबणारा आधार नेमका याच पट्ट्यात येतो आणि सुईच्या दुखण्यात भर घालतो. दहा मिलिमीटरच्या आसपास दबणारा आधार ५ वर डोलतो; सेकंदाला ५० वेळा होणारे कंपन आदर्श स्थितीत तो शंभराव्या भागापर्यंत खाली आणू शकतो. प्रत्यक्षात इतके यश मिळत नाही, पण फरक कानाला निश्चित कळतो. निव्वळ स्प्रिंग मात्र एकदा हलली की डोलत राहते. ती हालचाल जिरवण्यासाठी सोबत थोडा रबर किंवा फोम असावा लागतो.

अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या टर्नटेबलमध्ये हीच युक्ती पोटात बसवलेली होती. चकती आणि भुजा एका पट्टीवर, ती पट्टी मऊ स्प्रिंगांवर, आणि मोटार वेगळी. अशा यंत्राच्या पायांखाली आणखी मऊ आधार घातल्यास दोन झोपाळे एकमेकांवर ठेवल्यासारखे होते. ज्या यंत्राला आतून स्प्रिंग आहेत, त्याला खालून घट्ट बैठकच हवी.

औंढ्याचा आरसा

हाच नियम याच मराठवाड्यात किती टोकाला नेला जाणार आहे, हे पाहण्यासारखे आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था त्यात सहभागी आहे. अशा वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा फरक टिपावयाचा असतो.

अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली. त्या यंत्रातील आरसे प्रत्येकी ४० किलो वजनाचे असून ते एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकांवर टांगलेले असतात. प्रत्येक टप्पा वरून आलेले कंपन आणखी कमी करतो. अशा कामासाठी जागा निवडताना जमिनीची शांतता हा मोठा निकष असतो. रेकॉर्डची सुई आणि लायगोचा आरसा यांच्या सूक्ष्मतेत अफाट अंतर आहे. नियम मात्र एकच: जड वस्तू, सावकाश डोलणारा आधार, आणि पहिल्यापासूनच निवडलेली शांत जागा.

कडप्पा, पाणसळ आणि थोडा विचार

घरासाठी यातील शेवटची गोष्ट सर्वांत आधी करावी. टर्नटेबल आणि स्पीकर एका टेबलावर कधीही ठेवू नयेत. टर्नटेबल खोलीच्या मध्यभागी किंवा लांब, हलक्या टेबलावर न ठेवता बाहेरच्या भक्कम भिंतीजवळ, शक्यतो स्लॅबखालच्या तुळईच्या किंवा कॉलमच्या जवळ ठेवावे. माणसाच्या चालण्याचा हादरा सेकंदाला दोनेक वेळांचा असतो. तो इतका सावकाश, की कोणताही घरगुती मऊ आधार त्याला अडवू शकत नाही; उलट स्प्रिंगवरचे यंत्र पावलागणिक डोलू लागते. पावलांनी सुई उडत असेल तर भिंतीत पक्के ठोकलेले फळकुट हाच खरा उपाय. गाडीचा व मालमोटारींचा जो भाग अधिक जलद कंपनांचा असतो, त्यावर मऊ आधार चालतो.

त्यानंतर वजन. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा अनेक घरांच्या गच्चीवर पडून असतो. ४५ बाय ४० सेंटिमीटरचा, ३ सेंटिमीटर जाडीचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट सुमारे साडेचौदा किलो भरतो. त्याच्या कडा घासून घ्याव्यात, खाली चार कोपऱ्यांना सारखेच दबणारे आधार द्यावेत आणि वर यंत्र ठेवावे. यंत्र एका बाजूला जड असेल तर ते थोडे सरकवून चारही आधार सारखे दबतील असे पाहावे. शेवटी गवंड्याच्या पाणसळीने चकती समतल आहे की नाही ते तपासावे.

आधार विकत घेताना व्यापाऱ्याची नेहमीची नजर कामी येते. चिकलठाण्याच्या कारखान्यांत यंत्रांखाली जे रबर माउंटिंग बसवतात, ते हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. पण शेकडो किलोंसाठी बनवलेले माउंटिंग पंचवीस किलोंच्या जोडीखाली जरासुद्धा दबत नाही; म्हणजे ते दगडासारखेच. कपडे धुण्याच्या यंत्राखालच्या पॅडचेही तेच. आधारावर वजनाची मर्यादा लिहिलेली नसेल तर विक्रेत्याला विचारावी, आणि सांगता येत नसेल तर कितीही चकचकीत असला तरी तो आधार घेऊ नये. टोकदार पोलादी पाय कंपन अडवतात हाही एक गैरसमज आहे. ते यंत्राला जमिनीशी अधिक घट्ट जोडतात. गालिच्यावर डुगडुगणारा स्पीकर स्थिर करण्यास ते ठीक, हादरा रोखण्यास नव्हेत.

उपाय लागू पडला की नाही, हे पाहण्याची जुनी रीत आहे. चकती थांबलेली असताना सुई रेकॉर्डवर टेकवावी, आवाज नेहमीइतका ठेवावा आणि टेबलावर बोटाने हलकेच टिचकी मारावी. आधार बदलण्यापूर्वी जो ‘धप्’ आवाज येत होता तो नंतर कितीने मंदावला, हे लगेच कळते. गाडी जाण्याच्या वेळी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

कशाखाली आधार नको

बाजारात काही हजारांपासून लाखांपर्यंतचे आधार मिळतात, आणि अ‍ॅम्प्लिफायर, वीजपुरवठ्याचे डबे, इतकेच काय पण तारा टेकवण्यासाठीही ते विकले जातात. येथे स्पष्ट बोलणे इष्ट. सुई हे यंत्र कंपनावरच चालते, म्हणून तिला बाहेरच्या कंपनाची बाधा होते. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही आतील नाजूक भाग हलले की थोडा नाद उमटू शकतो. तेथे साधा रबर पुरे. सीडी प्लेअर मोठ्या धक्क्याने अडखळतो, पण लहानसहान चुका तो सांकेतिक गणिताने स्वतः दुरुस्त करतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, मोबाइलवरून गाणे घेणारे यंत्र आणि तारा यांना घरातील कंपनाचे काहीही सोयरसुतक नसते.

तरीही घरात कोणाला फरक ‘जाणवतो’ असे वाटत असेल, तर सराफाने कसोटीवर सोने घासावे तशी परीक्षा घ्यावी. एकाने पडद्याआड आधार ठेवावेत वा काढावेत, क्रम नाणे उडवून ठरवावा. दुसऱ्याने फक्त ऐकून सांगावे. सोळापैकी बारा किंवा अधिक वेळा उत्तर बरोबर आले, तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी. आठ-नऊ वेळाच बरोबर आले, तर पैसे तिजोरीतच राहू द्यावेत. खर्च ऐपतीचा आहे की नाही हा प्रश्न नंतरचा; ज्याचा उपयोगच नाही त्याचा संग्रह कशासाठी, हा परिग्रह-परिमाणाचा प्रश्न आधीचा.

स्पीकरखालच्या मऊ आधाराचे कारण वेगळे आहे, आणि ते अधिक मोलाचे. बहुमजली इमारतीत स्पीकरचा खर्ज स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. खाली कोणी आजारी असेल, कोणाचे मूल परीक्षेचा अभ्यास करत असेल, कोणी मौन पाळून बसले असेल. मऊ पॅडमुळे स्लॅबमधून जाणारा हा भाग कमी होतो. हवेतून जाणारा होत नाही, त्यासाठी आवाजच कमी ठेवावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आपल्या स्तवनाने दुसऱ्याच्या शांततेला धक्का लागू नये, हे सांगण्यासाठी श्रावकाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दादीसांचे उत्तर

आता त्या घरातील तिघांकडे परत वळावे. नातवाचे निदान बरोबर होते: दोष हादऱ्याचा होता. वडिलांची शंकाही बरोबर होती: त्यासाठी एवढी रक्कम लागत नाही. गच्चीवरचा कडप्पा, योग्य वजनाचे चार आधार, स्पीकरची बदललेली जागा आणि एक रविवार एवढ्यात बहुतेक काम होते. पण सर्वांत दूरचे पाहिले ते दादीसांनी. रेकॉर्ड दर वेळी वाजताना थोडी झिजतेच. आधार ती झीज शून्यावर आणत नाही.

म्हणून बैठक एकदा स्थिर झाली, की पहिले काम रोजचे श्रवण हे नसावे. सुई तपासून, रेकॉर्ड मऊ ब्रशने स्वच्छ करून, गाड्यांची वर्दळ कमी असलेल्या वेळी प्रत्येक बाजू एकदा सलग वाजवावी आणि ती संगणकावर उतरवून घ्यावी. दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात; वेष्टनावरील गायक, संगीतकार आणि कंपनीचा क्रमांक यांचेही छायाचित्र घ्यावे. लाखेच्या तबकडीला तिची वेगळी, जाड सुई लागते. एलपीची सुई तिच्यावर चालवू नये. पर्युषणापूर्वी हे काम उरकले, तर नंतर दादीसांना रोज हवे तितक्यांदा स्तवन ऐकता येईल आणि मूळ रेकॉर्ड सणावारालाच कपाटातून बाहेर येईल.

मुकुंदवाडीवरून गाड्या पुढेही जातच राहतील. त्या थांबवणे कोणाच्या हाती नाही. त्यांचा हादरा सुईपर्यंत पोहोचू न देणे मात्र घरातल्या माणसांच्या हाती आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही.